यार्डातल्या डेटाबेसची राखण कोणाची? जेएनपीए अध्यक्षांना खुले पत्र

मा. अध्यक्ष,
जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण,
शेवा, ता. उरण, जि. रायगड

महोदय,



२०२३-२४ या आर्थिक वर्षात आपल्या बंदराने ६४ लाखांहून अधिक टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या मापाने) कंटेनर हाताळले. त्यांतले जे रस्त्याने बाहेर पडले, त्यांची नोंद बंदराच्या संगणकातून निघून दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकात शिरली. हा दुसरा संगणक भेंडखळच्या सीएफएसमध्ये (कंटेनर फ्रेट स्टेशनात) असेल, द्रोणागिरीतल्या एम्प्टी यार्डात असेल, नाहीतर जासईच्या एखाद्या ट्रेलरमालकाच्या पत्र्याच्या ऑफिसात, टेबलाखाली धूळ खात असेल. अशा संगणकांतले पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि मारियाडीबी हे ओपन सोर्स डेटाबेस सांभाळणे, आणि बंद पडले की पुन्हा उभे करणे, हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे.

यार्ड खासगी, सर्व्हर खासगी. मग पत्र बंदराच्या अध्यक्षांना कशाला, असे कुणी विचारील. कारण सोपे आहे. गेटवरचा संगणक तासभर थांबला की ट्रेलर आत घेता येत नाहीत. ते रस्त्यावर उभे राहतात. मग करळपासून दास्तान फाट्यापर्यंत जी रांग लागते तिच्यात एसटी अडकते, शाळेची बस अडकते आणि पनवेलला निघालेली रुग्णवाहिकाही अडकते. बिघाड एका मालकाचा असतो, त्याचा दंड मात्र सगळा तालुका भरतो.

हे बंदराला नवे नाही. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरलेल्या नॉटपेट्या या विषाणूने मर्स्क कंपनीची जगभरातली यंत्रणा आडवी केली. तिच्याच समूहातल्या एपीएम टर्मिनल्सकडे न्हावा शेव्यातले गेटवे टर्मिनल्स होते; तेही थांबले. फेब्रुवारी २०२२ मध्ये जेएनपीसीटी या टर्मिनलच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि जहाजे शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावी लागली. या दोन्ही घटनांची मोठी बातमी झाली. पण मी रोज जे बिघाड पाहतो त्यांना हल्लेखोर लागत नाही. ते दुर्लक्षातून होतात, त्यांची बातमी होत नाही, आणि त्यांतले बहुतेक सगळे टाळता येण्याजोगे असतात.

या डेटाबेसांना परवान्याचे पैसे पडत नाहीत. बर्कली विद्यापीठातल्या १९८६ च्या प्रकल्पातून निघालेले पोस्टग्रेस आज बँकाही वापरतात; केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये सरकारी कामासाठी ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. सॉफ्टवेअर उत्तमच आहे. अडचण मालकाच्या हिशेबात आहे: परवाना शून्य, म्हणून देखभालीच्या रकान्यातही शून्य. आमच्या खारपट्टीत शेत पिकते ते बांधाच्या जिवावर. दरवर्षी बांधावर माती टाकावी लागते, उघाडीची झडप बघावी लागते. एक वर्ष आळस केला आणि बांधाला खांड पडली, की पुढची काही वर्षे भात नाही. डेटाबेसचे नेमके असेच आहे. म्हणून काय बिघडते, का बिघडते आणि त्यावर काय करायचे, हे आपल्यासमोर जरा तपशिलाने मांडतो. आपल्याबरोबर यार्डांचे मालकही हे वाचतील, अशी आशा आहे.

पहिला बिघाड सर्वांत साधा: डिस्क भरणे. पोस्टग्रेस कुठलाही बदल आधी ‘वॉल’ नावाच्या फाइलींमध्ये लिहिते आणि मग मूळ तक्त्यात उतरवते. काम झालेल्या वॉल फाइली ते स्वतःच काढून टाकते किंवा पुन्हा वापरते. पण कधीकाळी कुणीतरी दुसरा, राखीव सर्व्हर जोडलेला असतो. तो पुढे भंगारात जातो, मात्र त्याच्यासाठी राखलेला ‘रेप्लिकेशन स्लॉट’ मुख्य सर्व्हरवर तसाच राहतो. मुख्य सर्व्हर त्या मेलेल्या भावंडाची वाट पाहत वॉल साठवत राहतो. एके रात्री डिस्क शंभर टक्के भरते आणि डेटाबेस स्वतःहून बंद होतो. आता खरा धोका सुरू होतो. जागा करायच्या घाईत कुणीतरी त्याच फाइली हाताने पुसतो, आणि नुसता थांबलेला डेटाबेस आता कायमचा मोडतो. जुन्या आवृत्त्यांत या फोल्डरचे नाव ‘पीजी-एक्सलॉग’ होते. लॉग म्हणजे बिनकामाची माहिती, असे समजून जगभर इतक्या जणांनी ते रिकामे केले की २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत नावच बदलून ‘पीजी-वॉल’ करावे लागले.

योग्य क्रम असा. आधी डिस्कवर थोडी जागा वाढवायची किंवा दुसरीकडची निरुपयोगी फाइल हलवायची. डेटाबेस सुरू झाला की स्लॉटांची यादी पाहायची आणि जो वापरात नाही तो रीतसर काढायचा. वॉलच्या प्रती दुसरीकडे पाठवण्याची व्यवस्था असेल तर ती अडली आहे का तेही तपासायचे. तेराव्या आवृत्तीपासून एका स्लॉटने किती वॉल अडवून ठेवायचे याला मर्यादा घालता येते. ती घालून ठेवावी. मायएसक्यूएलमध्ये हीच गत बायनरी लॉगची होते. तिथेही फाइल हाताने पुसायची नाही, डेटाबेसलाच ‘पर्ज’चा हुकूम द्यायचा.

दुसरा बिघाड गेटवर दिसतो: ‘टू मेनी कनेक्शन्स’. पोस्टग्रेस मुळात शंभर जोडण्या घेते, मायएसक्यूएल १५१. यार्डात दहा-पंधरा क्लार्क आणि शंभर जोडण्या पुऱ्या पडत नाहीत, हे ऐकूनच शंका यायला हवी. पण पहिला उपाय म्हणून आकडा शंभराचा हजार केला जातो. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणी म्हणजे स्वतंत्र प्रोसेस. त्या वाढल्या की मेमरी संपते, मग लिनक्स त्यांतलीच एखादी प्रोसेस ठार करते, आणि त्या धक्क्याने सगळ्यांच्या जोडण्या एकदम तुटतात. मूळ दोष बहुधा प्रोग्रॅममध्ये असतो. क्लार्क गेट-इनचा फॉर्म उघडतो, प्रोग्रॅम व्यवहार सुरू करतो, क्लार्क चहाला जातो, व्यवहार उघडाच राहतो. त्याने धरलेल्या कुलपामागे दुसरा थांबतो, दुसऱ्यामागे तिसरा. ‘पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी’ या तक्त्यात ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ असा शेरा आणि त्यापुढे तासाभरापूर्वीची वेळ दिसली की समजावे, चोर सापडला. त्या एका जोडणीला निरोप दिला की रांग सुटते. कायमचा उपाय म्हणजे रिकाम्या बसलेल्या व्यवहाराला वेळमर्यादा घालणे, पीजीबाउन्सरसारखा, जोडण्या वाटून देणारा मध्यस्थ ठेवणे आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला बोलावून फॉर्म दुरुस्त करून घेणे.

इथेच एक सवय सांगायला हवी. बंद पडले की रिस्टार्ट, ही आमच्याकडची सार्वत्रिक रीत आहे. रिस्टार्टने रांग सुटते हे खरे, पण कोण कोणासाठी अडला होता याचा पुरावाही पुसला जातो. परवा पुन्हा तेच होते. म्हणून यंत्राला हात लावण्याआधी काही प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत. डिस्क आणि मेमरी किती उरली आहे? लॉगमधल्या शेवटच्या ओळी काय सांगतात? या क्षणी कोण कोणाची वाट पाहत आहे? आणि कालपासून आजपर्यंत काय बदलले? निम्मे रोग शेवटच्या प्रश्नातच उघडे पडतात.

तिसरी तक्रार मंदपणाची. ‘पहिल्यांदा भराभर चालायचं, आता कंटेनर शोधायला मिनिट लागतं.’ कंटेनरचा नंबर आंतरराष्ट्रीय मानकाने अकरा स्थळांचा असतो: चार अक्षरे, सहा अंक आणि शेवटी एक पडताळणीचा अंक. पण नोंद करणारा कुणी मध्ये जागा सोडतो, कुणी आडवी रेघ टाकतो, कुणी लहान अक्षरे वापरतो. प्रोग्रॅम लिहिणारा मग प्रत्येक शोधाच्या वेळी सगळ्या नोंदींतल्या जागा आणि रेघा काढून तुलना करतो. नंबरवर इंडेक्स असूनही त्याचा उपयोग होत नाही, कारण इंडेक्स मूळ मजकुराचा आहे आणि शोध साफ केलेल्या मजकुराचा. त्यातच गेटवरचा माणूस पूर्ण नंबर कधीच टाकत नाही. शेवटचे चार-पाच आकडे टाकतो. शेवटाकडून शोधायला साधा इंडेक्स कुचकामी ठरतो आणि डेटाबेस लाखो ओळी एकेक करून चाळतो.

अशा वेळी नवा सर्व्हर विकत घेण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्याआधी ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ चालवून बघावे. डेटाबेस कोणत्या वाटेने गेला आणि वेळ कुठे गेला, हे तो स्वतःच सांगतो. इथे इलाज बिनखर्चाचा आहे. नंबर आत येतानाच साफ करायचा आणि पडताळणीचा अंक जुळवून बघायचा, म्हणजे चुकीचा नंबर गेटवरच अडतो. शेवटच्या आकड्यांवरून शोधायचे असेल तर उलट्या क्रमाने लिहिलेल्या नंबरावर किंवा ट्रायग्राम पद्धतीचा इंडेक्स करायचा. आणि महिन्याचा डेटा एकदम भरला असेल तर लगेच ‘अ‍ॅनालाइझ’ करायचे. नाहीतर डेटाबेस जुन्या अंदाजावर नवी वाट निवडतो.

चौथा बिघाड डोळ्यांना दिसत नाही. ट्रेलरवरच्या जीपीएसकडून दर काही सेकंदांनी ठिकाण येते आणि तक्त्यातली तीच एक ओळ पुनःपुन्हा बदलली जाते. पोस्टग्रेस बदल करताना जुनी ओळ जागेवर ठेवून नवी लिहिते. मेलेल्या ओळी ‘ऑटोव्हॅक्यूम’ मागाहून झाडतो. शंभर ट्रेलरांचा तक्ता शंभर ओळींचा असायला हवा, तो डिस्कवर काही जीबी जागा खात असतो. २००८ च्या ८.३ आवृत्तीत यावर ‘हॉट’ ही सुधारणा आली, आणि अभिमानाची गोष्ट म्हणजे तिचे मुख्य काम एका भारतीय अभियंत्याचे आहे. पण तिचा लाभ मिळण्यासाठी दोन अटी आहेत: बदलणाऱ्या रकान्यावर इंडेक्स नको, आणि पानावर थोडी मोकळी जागा हवी. आमच्याकडे हौसेने प्रत्येक रकान्यावर इंडेक्स केलेला असतो. वर, ऑटोव्हॅक्यूममुळे मशीन मंद होते असे कुणीतरी सांगितले म्हणून तोच बंद केलेला असतो. याची शेवटची पायरी भयंकर आहे. पोस्टग्रेस व्यवहारांना ३२ बिटांचे क्रमांक देते. न झाडता सुमारे दोन अब्जांपर्यंत मजल गेली की ते डेटा वाचवण्यासाठी नवीन लेखन घेणेच थांबवते. २०१५ मध्ये सेंट्री ही कंपनी आणि २०१९ मध्ये मेलचिंपची मँड्रिल ही सेवा, अशा नावाजलेल्यांनाही हा दणका बसला. ऑटोव्हॅक्यूम बंद करायचा नसतो. भारी तक्त्यांसाठी तो उलट अधिक वारंवार चालवायचा असतो.

पाचवा दोष थेट खिशाला लागतो. क्लाउडवरचा सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, आपली वेळ साडेपाच तास पुढे. तारीख काढताना प्रोग्रॅमने टाइमझोन पाहिला नाही, तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात आत आलेल्या प्रत्येक कंटेनरवर आदल्या दिवसाची तारीख पडते. फ्री डेज, म्हणजे बिनभाड्याचे दिवस, एक दिवस आधी संपतात आणि ग्राउंड रेंट, म्हणजे जागेचे भाडे, एक दिवस जास्त लागते. आयातदार भांडतो, क्लिअरिंग एजंट मध्ये सापडतो, यार्डवाला ‘सिस्टीम तसं दाखवते’ म्हणून मोकळा होतो. टाइमझोनसह वेळ साठवणारा रकाना वापरायचा आणि तारीख काढताना भारताची वेळ स्पष्ट सांगायची, एवढाच इलाज.

सहावा दोष आपल्या भाषेचा. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या मुळात ‘लॅटिन-१’ अक्षरसंच घेत; त्यात ड्रायव्हरचे देवनागरी नाव टाकले की प्रश्नचिन्हांची ओळ उमटे, आणि एकदा तशी साठवली गेली की मूळ नाव परत मिळत नाही. नव्या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ-८-एमबी-४’च हवा. पोस्टग्रेसमध्ये वेगळीच गंमत होते. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव एका कीबोर्डवरून ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने लिहिले जाते, दुसऱ्यावरून साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा मार्गाने. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला मात्र ती दोन माणसे वाटतात. एकाच ड्रायव्हरचे दोन पास निघतात ते असे. आत येतानाच एक रूप ठरवून घेणे, याला पर्याय नाही.

अक्षरांच्या क्रमाचाही एक सापळा आहे. लिनक्सच्या २०१८ मधल्या ‘जीलिबसी २.२८’ या लायब्ररीत शब्दांची क्रमवारी बदलली. ऑपरेटिंग सिस्टीम नवी केली आणि डेटाबेस तसाच उचलून वर ठेवला, की जुन्या क्रमाने रचलेले इंडेक्स चुकू लागतात. आडवी रेघ असलेल्या नंबरांवर हे हमखास दिसते: नोंद आहे, पण शोधल्यावर सापडत नाही. इंडेक्स पुन्हा बांधले की प्रश्न मिटतो. मात्र हे माहीत नसलेला माणूस तीच नोंद दुसऱ्यांदा टाकतो, आणि मग एक कंटेनर दोन जागी उभा असल्याचे दिसते.

विजेबद्दल उरणकरांनी बोलावे, हा विनोदच. बोकडवीऱ्याला गॅसवर चालणारे वीज केंद्र आहे आणि पावसाळ्यात दिवे जाण्याचीही सवय आहे. वीज गेल्याने चांगल्या डेटाबेसचे काही बिघडत नाही. सुरू होताना तो वॉल वाचून स्वतःला सावरतो. लॉगमध्ये ‘नीट बंद झाला नव्हता, दुरुस्ती चालू आहे’ अशा अर्थाची ओळ येते, ती घाबरण्याची नसते, थांबायचे असते. पण वेग वाढवण्याच्या नावाखाली कुणी ‘एफसिंक’ बंद करून ठेवलेले असेल, तर डिस्कवर काय पोहोचले आणि काय नाही याची कुणालाच खात्री राहत नाही. ती सेटिंग कधीही बंद करू नये. यूपीएसच्या बॅटरीची तारीख बघावी. आणि डेटाबेस उठतच नसेल, तर कुठलाही जहाल उपाय करण्याआधी संपूर्ण डेटा फोल्डरची जशीच्या तशी प्रत काढून बाजूला ठेवावी. चुकीच्या दुरुस्तीतून जेवढा डेटा गेलेला मी पाहिला आहे, तेवढा मूळ बिघाडातून गेलेला पाहिलेला नाही.

आवृत्त्यांकडेही असेच दुर्लक्ष होते. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते. बाराव्या आवृत्तीची मुदत नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली, मायएसक्यूएल ५.७ ची ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्यानंतर सापडलेल्या भोकांना ठिगळ मिळत नाही. अशा जुन्या डेटाबेसचे दार इंटरनेटवर सताड उघडे आणि पासवर्ड म्हणून कंपनीचेच नाव, हे दृश्य दुर्मीळ नाही.

आता मूळ मुद्दा. वरचे सगळे बिघाड दुरुस्त होतात, एका अटीवर: बॅकअप असला पाहिजे. ‘बॅकअप आहे’ असे सगळेच म्हणतात. गिटलॅब ही सॉफ्टवेअर कंपनीही म्हणत होती. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका थकलेल्या अभियंत्याने राखीव सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचे पोस्टग्रेसचे फोल्डर पुसले. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले, तर बॅकअप काढणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा निघाला आणि तो नुसताच अपयशी होत होता. अपयशाचे ईमेल निघत होते, पण ते पोहोचतच नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत सापडली, म्हणून कंपनी वाचली. मधल्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच. गिटलॅबने हे सगळे जगासमोर मोकळेपणाने मांडले, चुकलेल्या माणसाला बळीचा बकरा केले नाही.

मर्स्कची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१७ च्या त्या हल्ल्यात कंपनीचे सगळे डोमेन कंट्रोलर, म्हणजे जाळ्यात कुणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणारे सर्व्हर, एकमेकांच्या प्रती ठेवत होते. विषाणूने एक पुसला तसे बाकीचेही पुसले गेले. वाचला तो घानामधला एकच, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यातून तुटलेला होता. त्या एका यंत्राच्या आधाराने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे केले गेले. राखीव सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे, हे यातून शिकायचे. मुख्य सर्व्हरवर चुकून पुसलेली ओळ राखीव सर्व्हरवरही त्याच क्षणी पुसली जाते. बॅकअप वेगळ्या जागी हवा, त्यातला एक तरी जाळ्यापासून तुटलेला हवा, आणि ठरावीक काळाने तो कोऱ्या यंत्रावर उतरवून बघायला हवा. न उतरवलेल्या बॅकअपवर विश्वास ठेवणे ही श्रद्धा झाली, व्यवस्था नव्हे.

‘आता सगळे क्लाउडवर जाणार, मग हे कशाला?’ असा प्रश्न आपल्याकडे कुणी मांडेल. क्लाउडवाला वीज, डिस्क आणि ठिगळे सांभाळतो, हे मान्य. पण चहाला गेलेल्या क्लार्कचा उघडा व्यवहार, साडेपाच तासांची तफावत आणि अट न घालता चालवलेला ‘डिलीट’ त्याच्या भाड्यात बसत नाही. माणूस तिथेही लागतोच.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत.

एक: ज्यांचे संगणक बंदराशी माहितीची देवाणघेवाण करतात, त्या प्रत्येक सीएफएस, यार्ड आणि मोठ्या वाहतूकदारासाठी वर्षातून एकदा बॅकअप उतरवून दाखवण्याची अट घालावी. कागदी प्रमाणपत्र नको. कोऱ्या यंत्रावर डेटा उभा करायला किती वेळ लागला आणि शेवटची नोंद किती जुनी निघाली, हे दोन आकडे पुरेत. प्राधिकरणाने स्वतःच्या यंत्रणांचे हेच दोन आकडे वार्षिक अहवालात छापावेत, म्हणजे बाकीच्यांना कुरकुरायला जागा राहणार नाही.

दोन: बिघाडांची सामाईक नोंद ठेवावी. यार्डाचे नाव नको. काय झाले, का झाले, कसे सुटले एवढेच, मराठीत. एका यार्डात स्लॉटमुळे डिस्क भरली हे शेजारच्याला कळले, तर त्याची डिस्क भरणार नाही. आज प्रत्येक जण आपला बिघाड लपवतो आणि तोच बिघाड पुढच्या महिन्यात शेजारी होतो.

तीन: फुंड्याचे वीर वाजेकर महाविद्यालय आणि उरणचे कोकण ज्ञानपीठ महाविद्यालय यांच्या मदतीने इथल्या मुलामुलींना डेटाबेस राखण्याचे शिक्षण द्यावे. प्रोग्रॅमिंगचे क्लास गल्लोगल्ली आहेत. बिघडलेले दुरुस्त करायला कुणी शिकवत नाही. यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. सॉफ्टवेअर मोफत, त्याची कागदपत्रे मोफत, जुने संगणक चालतात. मुद्दाम मोडलेला डेटाबेस विद्यार्थ्यासमोर ठेवायचा आणि सांगायचे: लॉग वाच, कारण लिही, मग हात लाव. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या भूसंपादनविरोधी आंदोलनात पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले, तेव्हा साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची वाट मोकळी झाली. ज्या घरांनी जमिनी दिल्या त्यांची पोरे आज मला ट्रेलरच्या केबिनमध्ये आणि गेटवर भेटतात, सर्व्हरजवळ क्वचितच. हे काम परगावच्या माणसाने फोनवरून करण्यापेक्षा धुतुम-जसखारच्या पोराने सायकलवर येऊन केले, तर रस्त्यावरची रांगही लवकर सुटेल आणि पगारही तालुक्यात राहील.

या तिन्ही मागण्यांचा मिळून खर्च एखाद्या व्यापारी डेटाबेसच्या परवान्याच्या खर्चापुढे किरकोळ ठरेल. जो परवाना आम्ही घेत नाही त्यातून वाचलेल्या पैशातला थोडा भाग राखणदारावर खर्च करा, इतकेच मागणे आहे.

सुरुवात पावसाळ्याआधी व्हावी. कोणत्याही एका यार्डाची निवड आपण करावी, कामाच्या दिवशी, आगाऊ कल्पना न देता. तिथला बॅकअप कोऱ्या यंत्रावर उतरवून बघू. फुंडे आणि उरणच्या दोन्ही महाविद्यालयांतले विद्यार्थी बाजूला उभे राहून बघतील. जो वेळ लागेल तो, चांगला असो वा वाईट, जाहीर करावा. यंत्र आणि त्या दिवसाची माझी मजुरी माझ्याकडून.

कळावे,

आपला नम्र,
उरण तालुक्यातला एक डेटाबेस राखणारा